संगणकसमूह-व्यवस्थापनाच्या कन्सोलमधील स्वनिर्मित कृती : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

संगणकाच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने यंत्रांचा, भाषांचा आणि संशोधकांचा इतिहास म्हणून झालेले आहे. एखाद्या बँकेतील, कार्यालयातील किंवा विद्यापीठातील हजारो संगणक दररोज चालू स्थितीत ठेवणाऱ्या प्रशासकांच्या कामाचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला. या प्रशासकांचे मुख्य साधन म्हणजे व्यवस्थापन-कन्सोल होय. एका पडद्यावर संस्थेतील सर्व संगणकांची यादी असावी, त्यातील एक अथवा अनेक संगणक निवडावेत आणि मेनूतून हवी ती आज्ञा द्यावी, असे या साधनाचे स्थूल स्वरूप असते.

उत्पादक कंपनी कन्सोलबरोबर काही ठराविक आज्ञा देते. परंतु प्रत्येक संस्थेची गरज वेगळी असते. एका ठिकाणी छपाईयंत्राची अडकलेली रांग रोज मोकळी करावी लागते, तर दुसऱ्या ठिकाणी परीक्षेपूर्वी शंभर संगणक एकाच वेळी पुन्हा सुरू करावे लागतात. ही स्थानिक गरज भागविण्यासाठी कन्सोलच्या मेनूत आपल्या आज्ञा बसविण्याची सोय जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या कन्सोलमध्ये ठेवण्यात आली. अशा आज्ञांना प्रस्तुत लेखात ‘स्वनिर्मित कृती’ असे म्हटले आहे.

वरवर पाहता हा विषय निव्वळ तांत्रिक सोयीचा वाटतो. तथापि एका माणसाने लिहिलेली चार ओळींची आज्ञा मेनूत बसली की ती दुसऱ्या माणसाच्या हाती जाते आणि तिचा परिणाम तिसऱ्याच कोणाच्या संगणकावर होतो. म्हणून या सोयीचा इतिहास हा अधिकार आणि उत्तरदायित्व यांचाही इतिहास ठरतो. प्रस्तुत लेखात १९८०च्या दशकापासून २०२१पर्यंतच्या काही प्रातिनिधिक कन्सोलांच्या आधारे या इतिहासाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची दृष्टी व व्याप्ती

प्रत्येक कन्सोलकडे पाहताना येथे चार प्रश्न विचारले आहेत. कृती कोणी लिहिली? ती वापरण्यास कोणी मान्यता दिली? ती कोणी चालविली? आणि ती किती संगणकांवर चालली? या चार प्रश्नांची उत्तरे कन्सोलच्या रचनेतच नोंदलेली आहेत की ती प्रशासकाच्या सद्सद्विवेकावर सोडलेली आहेत, हा या अभ्यासाचा केंद्रबिंदू आहे. सर्व कन्सोलांचा समग्र आढावा घेणे हा हेतू नाही. विशेष भर मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलांवर आहे, कारण कार्यालयीन संगणकांच्या क्षेत्रात विंडोजचा प्रसार सर्वाधिक झाला आणि स्वनिर्मित कृतींची परंपराही तेथेच विशेष फोफावली.

पूर्वपीठिका : चालक आणि त्याची आज्ञा

‘कन्सोल’ हा शब्द मोठ्या संगणकांच्या काळातील आहे. आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या संगणकमालेत टंकयंत्रासारख्या उपकरणावरून चालक यंत्राशी संवाद साधत असे. यंत्र संदेश छापी आणि चालक उत्तर टंकित करी. एक यंत्र, एक चालक आणि कागदावर उमटलेली दोघांच्या संवादाची नोंद असे हे चित्र होते. चालकाने कोणती आज्ञा केव्हा दिली हे त्या कागदावरून नंतर पाहता येत असे. ही नोंद यंत्राच्या रचनेतून आपोआप घडत होती, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

पुढे यंत्रे परस्परांना जोडली गेली आणि जाळ्याच्या देखरेखीसाठी स्वतंत्र साधने आली. आयबीएमचे ‘नेटव्ह्यू’ हे १९८६ मधील उत्पादन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. वारंवार द्याव्या लागणाऱ्या आज्ञांची मालिका एका नावाखाली साठवून ठेवावी आणि ते नाव टंकित करताच संपूर्ण मालिका चालावी, अशी व्यवस्था त्यात होती. स्वनिर्मित कृतीचे हे आरंभीचे रूप म्हणता येईल. अनुभवी चालकाचे ज्ञान येथे त्याच्यापासून वेगळे होऊन साठविता येत होते. रात्रपाळीचा नवखा चालकही अनुभवी माणसाने लिहिलेली मालिका चालवू शकत होता. ज्ञान हस्तांतरित झाले, परंतु ती मालिका केव्हा चालवू नये याविषयीचे तारतम्य मात्र तिच्याबरोबर आपोआप हस्तांतरित होत नव्हते. पुढील संपूर्ण इतिहासात हीच अडचण निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा आढळते.

नकाशावरील मेनू : ओपनव्ह्यू आणि टिव्होली

ऑगस्ट १९८८ मध्ये ‘एसएनएमपी’ या जाळे-व्यवस्थापनाच्या संकेताचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला आणि वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकाच पडद्यावरून पाहणे शक्य झाले. ह्युलेट-पॅकार्डचे ‘ओपनव्ह्यू नेटवर्क नोड मॅनेजर’ हे या काळातील प्रमुख कन्सोल होते. त्यात जाळ्याचा नकाशा दिसे आणि प्रत्येक उपकरण एका चिन्हाने दर्शविलेले असे.

ओपनव्ह्यूच्या युनिक्सवरील आवृत्तीत मेनूमध्ये भर घालण्यासाठी एक साधी मजकूर-फाईल लिहावी लागे. तीत मेनूचे नाव, कृतीचे नाव आणि चालवावयाची आज्ञा नमूद केलेली असे. मात्र त्याबरोबर आणखी तीन गोष्टी लिहिण्याची सोय होती. किमान किती चिन्हे निवडलेली असावीत, कमाल किती असावीत आणि निवडलेली उपकरणे कोणत्या प्रकारची असावीत, या त्या तीन गोष्टी होत. एखादी कृती एका वेळी एकाच राऊटरवर चालावी असे लेखकाने ठरविले असेल, तर दोन राऊटर निवडताच मेनूतील ती ओळ निष्क्रिय होत असे. याचाच अर्थ, ‘किती संगणकांवर’ या प्रश्नाचे उत्तर कृतीच्या व्याख्येचाच भाग होते. लेखकाचे तारतम्य अंशतः का होईना, फाईलमध्ये उतरविता येत होते.

टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या टिव्होली कंपनीने दुसऱ्या प्रश्नाकडे लक्ष दिले. आयबीएमने १९९६ मध्ये ही कंपनी विकत घेतली. टिव्होलीच्या रचनेत स्वनिर्मित कृती ‘टास्क लायब्ररी’ नावाच्या संग्रहात ठेवली जाई. प्रत्येक कृती चालविण्यासाठी प्रशासकाकडे कोणती भूमिका असावी आणि लक्ष्य संगणकावर ती कोणत्या खात्याच्या अधिकाराने चालावी, हे तेथे लिहावे लागे. चालविणाऱ्याचा व्यक्तिगत अधिकार आणि कृतीला दिलेला अधिकार या दोन गोष्टी येथे वेगळ्या झाल्या. कनिष्ठ कर्मचाऱ्याला सर्वाधिकार न देताही त्याच्याकडून एखादे विशिष्ट काम करवून घेणे त्यामुळे शक्य झाले.

ही दोन्ही उत्पादने महाग होती व त्यांची उभारणी गुंतागुंतीची होती. ती मोठ्या संस्थांपुरती मर्यादित राहिली. परंतु स्वनिर्मित कृतीला संख्येची आणि भूमिकेची मर्यादा असावी हा विचार १९९०च्या दशकातच प्रत्यक्षात आलेला होता, हे त्यांवरून सिद्ध होते.

उघडा सांगाडा : एमएमसी आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी

विंडोजच्या जगात प्रारंभी प्रत्येक कामासाठी वेगळे साधन होते. वापरकर्त्यांसाठी एक, सर्व्हरसाठी दुसरे, घटनांच्या नोंदींसाठी तिसरे अशी स्थिती होती. यांना एका चौकटीत आणण्यासाठी मायक्रोसॉफ्टने ‘मायक्रोसॉफ्ट मॅनेजमेंट कन्सोल’ अर्थात एमएमसी तयार केले. विंडोज एनटी ४.० च्या ऑप्शन पॅकबरोबर ते प्रथम आले आणि विंडोज २००० मध्ये ते प्रणालीचा नियमित भाग झाले. एमएमसी स्वतः काहीच व्यवस्थापन करीत नाही. तो एक रिकामा सांगाडा असून त्यात ‘स्नॅप-इन’ नावाचे घटक बसवावयाचे असतात. एका घटकाच्या मेनूत दुसऱ्या घटकाने भर घालावी अशी तरतूदही मुळातच होती.

एमएमसीत एक लक्षणीय भेद होता. कन्सोलची फाईल ‘लेखक’ म्हणून उघडता येई किंवा ‘वापरकर्ता’ म्हणून. लेखकाने ‘टास्कपॅड’ नावाच्या पानावर निवडक कृतींची चित्रे मांडावीत, ती फाईल वापरकर्ता-अवस्थेत साठवावी आणि मदतनीसाला द्यावी, अशी कल्पना होती. मदतनीसाला मांडलेल्या कृतींपलीकडे काही दिसत नसे. हा भेद उपयुक्त असला तरी तो केवळ दर्शनी होता. फाईलमध्ये जे दिसत नाही ते करण्याचा अधिकार मदतनीसाच्या खात्याला असेल, तर दुसऱ्या मार्गाने तो ते करू शकत होता. पडद्यावरची मर्यादा आणि प्रत्यक्ष अधिकाराची मर्यादा या भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

विंडोज २००० बरोबर आलेल्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीने स्वनिर्मित कृतींना एक अनपेक्षित दार उघडून दिले. वापरकर्ता, संगणक, गट अशा प्रत्येक प्रकारच्या वस्तूवर माऊसची उजवी कळ दाबली असता कोणता मेनू दिसावा, ही माहिती डिरेक्टरीच्या आतच ‘डिस्प्ले स्पेसिफायर’ नावाच्या नोंदींत साठविलेली असते. प्रत्येक भाषेसाठी वेगळा नोंदसंच असून अमेरिकन इंग्रजीचा संच ‘४०९’ या सोळा-आधारी क्रमांकाखाली आहे. त्या नोंदीत एक ओळ वाढविली की मेनूत नवी कृती दिसू लागते. ओळीत तीन भाग असतात : क्रमांक, मेनूत दिसणारे शब्द आणि चालवावयाच्या स्क्रिप्टचा पत्ता. निवडलेल्या वस्तूचा डिरेक्टरीतील मार्ग त्या स्क्रिप्टला आपोआप दिला जातो.

ही ओळ बदलण्याचा अधिकार संपूर्ण संस्थेच्या सर्वोच्च प्रशासकांनाच असतो, कारण ती नोंद संस्थेतील प्रत्येक नियंत्रक-सर्व्हरवर पोहोचते. एका ठिकाणी वाढविलेली कृती सर्व शाखांतील प्रशासकांच्या मेनूत दिसू लागते. तेव्हा मेनूची ओळ पुरेशी सुरक्षित होती. परंतु स्क्रिप्ट स्वतः सामान्यतः एखाद्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेली असे. त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा ज्याला असेल, तो मेनूतील शब्दांना हातही न लावता त्यांचा अर्थ बदलू शकत होता. पाटी तीच राहून दुकानातील माल बदलावा तसा हा प्रकार होता. कृती ‘कोणी लिहिली’ या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे मेनूवरून मिळेनासे झाले.

एसएमएस ते कॉन्फिगरेशन मॅनेजर : उजव्या कळीची साधने

संगणकसमूहाच्या व्यवस्थापनासाठी मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये ‘सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर’ म्हणजेच एसएमएस हे उत्पादन आणले. १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचा कन्सोल एमएमसीवर आधारलेला होता. त्यानंतर एसएमएस २००३, कॉन्फिगरेशन मॅनेजर २००७ आणि कॉन्फिगरेशन मॅनेजर २०१२ अशा आवृत्त्या आल्या. या परंपरेतील स्वनिर्मित कृती प्रशासकांमध्ये ‘राइट-क्लिक टूल्स’, म्हणजे उजव्या कळीची साधने, या नावाने प्रसिद्ध झाल्या.

या साधनांची गरज का निर्माण झाली, हे समजण्यासाठी या प्रणालीची कार्यपद्धती पाहणे आवश्यक आहे. सर्व्हर कोणत्याही संगणकाकडे स्वतःहून जात नाही. प्रत्येक संगणकावर बसविलेला प्रतिनिधी-घटक ठराविक काळाने सर्व्हरकडे जाऊन आपल्यासाठी काही नवे धोरण आहे का, हे विचारतो. हा काळ मूळ मांडणीत साठ मिनिटांचा असतो. हजारो संगणकांचा भार सर्व्हरवर एकदम पडू नये म्हणून हा संथपणा जाणीवपूर्वक ठेवलेला आहे. परंतु दूरध्वनीवर तक्रार करणारा कर्मचारी ताटकळत असताना प्रशासकाला तासभर थांबणे अशक्य होते. त्या एका संगणकाला ‘आत्ताच विचार’ असे सांगणारी आज्ञा त्याला हवी होती आणि कन्सोलमध्ये ती नव्हती.

ती पुरविणे अवघड नव्हते. विंडोजमधील डब्ल्यूएमआय या यंत्रणेद्वारे दूरच्या संगणकावरील प्रतिनिधी-घटकाला धोरण मागविण्याची सूचना देता येते. काही ओळींची स्क्रिप्ट त्यासाठी पुरे होते. एसएमएस २००३ च्या काळात अशी स्क्रिप्ट मेनूत बसविण्यासाठी रजिस्ट्री या नोंदकोशात बदल करावे लागत. २००७ च्या आवृत्तीपासून ही पद्धत सुलभ झाली. कन्सोल जेथे बसविलेला आहे तेथील एका विशिष्ट फोल्डरमध्ये, मेनूच्या जागेचा निर्देश करणाऱ्या दीर्घ ओळख-क्रमांकाच्या नावाचा उपफोल्डर करावा आणि त्यात एक एक्सएमएल फाईल ठेवावी, एवढेच पुरेसे झाले. फाईलमध्ये कृतीचे नाव, चालवावयाची आज्ञावली आणि तिला द्यावयाची माहिती असे. माहितीच्या जागी एक राखीव चिन्ह लिहिले की निवडलेल्या संगणकाचे नाव कन्सोल तेथे स्वतः भरत असे. अनेक कृती एकत्र करून त्यांचा उपमेनूही करता येत असे. २०१२ च्या आवृत्तीत कन्सोलने एमएमसीचा सांगाडा सोडून दिला, तरी एक्सएमएल फाईलची ही पद्धत टिकून राहिली.

प्रशासकांनी या सोयीचा मोठ्या उत्साहाने उपयोग केला. धोरण तत्काळ मागविणे, संगणक पुन्हा सुरू करणे, प्रतिनिधी-घटकाच्या नोंदवह्या उघडणे, सध्या कोण काम करीत आहे हे पाहणे, अशा कृतींचे संच व्यक्तिगत पातळीवर तयार झाले आणि परस्परांना दिले गेले. उत्पादकाने ज्या उणिवा सोडल्या होत्या त्या वापरणाऱ्यांनी भरून काढल्या. या परंपरेचे श्रेय नाकारता येणार नाही. त्याचा एक स्पष्ट पुरावा म्हणजे कॉन्फिगरेशन मॅनेजर २०१२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये संगणकाला धोरण तत्काळ मागविण्यास सांगणारी आज्ञा कन्सोलच्या मूळ मेनूतच आली. प्रशासक जी गोष्ट वर्षानुवर्षे स्वतः बसवीत होते, ती उत्पादनाचा भाग झाली.

तथापि पूर्वीच्या चार प्रश्नांच्या कसोटीवर पाहता या पद्धतीच्या मर्यादाही दिसून येतात. पहिली मर्यादा अशी की, एक्सएमएल फाईल प्रशासकाच्या स्वतःच्या संगणकावर असे. कोणत्या प्रशासकाच्या मेनूत काय आहे याची मध्यवर्ती नोंद नव्हती. दुसरी मर्यादा अधिकाराची होती. २०१२ च्या आवृत्तीत भूमिकाधिष्ठित अधिकारांची काटेकोर रचना आली, परंतु स्वनिर्मित कृती त्या रचनेबाहेरच राहिल्या. कन्सोल केवळ आज्ञावली सुरू करून देई आणि पुढे ती प्रशासकाच्या व्यक्तिगत अधिकाराने थेट दूरच्या संगणकाशी बोले. त्यासाठी त्या खात्याला प्रत्येक संगणकावर स्थानिक प्रशासकाचा अधिकार द्यावा लागे. ऑगस्ट २००४ मधील विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने संरक्षक भिंत मूळ मांडणीतच चालू केली, तेव्हा ही साधने चालावीत म्हणून त्या भिंतीत अपवाद ठेवावे लागले. तिसरी मर्यादा संख्येची होती. अनेक संचांत एकाच संगणकासाठी असलेली कृती संपूर्ण संग्रहावर, म्हणजे संगणकांच्या एका पूर्ण गटावर, चालविण्याचा पर्यायही दिलेला असे. मेनूत शब्द तेच असत आणि कळही तीच असे. फरक फक्त निवड कशावर केली आहे एवढाच होता. ओपनव्ह्यूने जी कमाल मर्यादा कृतीच्या व्याख्येत लिहिण्याची सोय ठेवली होती, ती येथे लेखकाने स्वतः घातली तरच असे.

समांतर विचारधारा : यंत्रानेच ठरवावे

याच काळात या प्रश्नाचा वेगळ्या दिशेने विचार करणाऱ्या परंपराही होत्या. अमेरिकेतील एमआयटीमध्ये १९८३ ते १९९१ या काळात चाललेल्या ‘प्रोजेक्ट अथेना’ने विद्यार्थ्यांसाठीच्या संगणकांचे मध्यवर्ती व्यवस्थापन कसे करावे याचा पाया घातला. नॉर्वेतील ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ‘सीएफइंजिन’ तयार केले. कोणती कृती करावी हे सांगण्याऐवजी संगणकाची अंतिम स्थिती कशी असावी हे लिहून ठेवावे, आणि प्रत्येक यंत्राने स्वतःची स्थिती तपासून आवश्यक तेवढाच बदल करावा, असे त्यामागील सूत्र होते. २००५ मधील ‘पपेट’ हे साधनही याच विचाराचे आहे. येथे मेनूच नाही आणि म्हणून क्षणिक आवेगात दाबावयाची कळही नाही. लिहिलेले वर्णन दुसऱ्याला वाचता येते, जुन्या आवृत्तीशी ताडून पाहता येते.

कन्सोल आणि हा विचार यांचा मेळ घालण्याचा उल्लेखनीय प्रयत्न ‘बिगफिक्स’मध्ये दिसतो. १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही कंपनी २०१० मध्ये आयबीएमकडे आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन भारतातील एचसीएलकडे आले. बिगफिक्सच्या कन्सोलमध्ये स्वनिर्मित कृती देण्याची स्वतंत्र आज्ञाच आहे. परंतु प्रत्येक कृतीला ‘रेलेव्हन्स’ नावाची अट जोडता येते आणि ती अट सर्व्हर नव्हे, तर लक्ष्य संगणक स्वतः तपासतो. ‘तू अमुक आवृत्तीचा असशील आणि तुझ्यावर अमुक आज्ञावली असेल तरच हे कर’ असे सांगितल्याने, चुकून सर्वांना पाठविलेली कृतीही ज्यांना लागू नाही त्यांनी नाकारावी अशी व्यवस्था होते. शिवाय कृतीवर ती देणाऱ्याची अंकीय स्वाक्षरी असते आणि स्वनिर्मित आशय लिहिण्याचा अधिकार प्रत्येक चालकाला वेगळा द्यावा लागतो. भारतीय उत्पादनांपैकी चेन्नईच्या झोहो कंपनीचे ‘डेस्कटॉप सेंट्रल’, ज्याला आता ‘एंडपॉइंट सेंट्रल’ म्हणतात, यातही स्वनिर्मित स्क्रिप्टचा मध्यवर्ती संग्रह ठेवण्याची पद्धत आहे. विखुरलेल्या फाईलींपेक्षा एक संग्रह बरा, हा विचार त्यात दिसतो.

अपघात आणि घातपात

कन्सोलची व्याप्ती वाढली तसे तिच्यातून उद्भवणारे धोकेही वाढले. येथे तीन घटनांचा विचार केला आहे. पहिल्या दोन घटनांत स्वनिर्मित कृतीचा नव्हे, तर अशाच कन्सोलांच्या मूळ कार्याचा संबंध होता, हे प्रारंभीच नमूद करणे उचित होईल. परंतु एका आज्ञेचा परिणाम किती दूर जातो, हे त्यांतून समजते.

२० मार्च २०१३ रोजी दक्षिण कोरियातील केबीएस, एमबीसी आणि वायटीएन या प्रसारणसंस्था तसेच शिनहान व नोंगह्यूप या बँका यांचे संगणक एकाएकी बंद पडले. प्रारंभीच्या अंदाजानुसार सुमारे ३२,००० संगणकांवरील माहिती नष्ट झाली. हल्लेखोरांनी प्रत्येक संगणकात स्वतंत्रपणे शिरण्याचे कष्ट घेतले नव्हते. सुधारणा वाटप करणाऱ्या मध्यवर्ती व्यवस्थापन-सर्व्हरचाच त्यांनी उपयोग केला. संगणकांनी ती आज्ञा निमूटपणे मानली, कारण ती नेहमीच्याच मार्गाने आली होती.

दुसरी घटना शिक्षणक्षेत्रातील आहे. मे २०१४ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथील एमरी विद्यापीठात विंडोज ७ नव्याने बसविण्याचे काम कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून चुकून विद्यापीठाच्या सर्व विंडोज संगणकांकडे गेले. डेस्कटॉप, लॅपटॉप आणि सर्व्हरही त्यातून सुटले नाहीत. त्या कामाची पहिली पायरी चकती पुसून नव्याने विभागण्याची होती. चूक ध्यानात आली तोवर ज्या सर्व्हरवरून आज्ञा सुटली होती तो सर्व्हरही पुसला गेला होता. येथे कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. आज्ञा योग्य होती, मात्र तिचे लक्ष्य चुकीचे होते.

तिसरी घटना स्वनिर्मित कृतीशी थेट संबंधित आहे. कॅसेया कंपनीचा ‘व्हीएसए’ हा कन्सोल अनेक लहान संस्थांचे संगणक सांभाळणारे सेवा-पुरवठादार वापरतात. त्यात ‘एजंट प्रोसीजर’ या नावाने स्वनिर्मित कृती लिहून त्या संगणकांवर चालविता येतात. २ जुलै २०२१ रोजी हल्लेखोरांनी सेवा-पुरवठादारांच्या सर्व्हरमधील प्रवेशतपासणीच्या दोषाचा फायदा घेतला आणि आपलीच एक प्रोसीजर तेथे पेरली. तिचे नाव त्यांनी कंपनीच्या तातडीच्या दुरुस्तीसारखे ठेवले होते. कंपनीच्या निवेदनानुसार थेट बाधित ग्राहकांची संख्या साठपेक्षा कमी होती, परंतु त्यांच्यामार्फत बाधित झालेल्या संस्था सुमारे १,५०० पर्यंत होत्या. स्वीडनमधील कूप या दुकानसाखळीला आपली सुमारे ८०० दुकाने बंद ठेवावी लागली. स्थानिक गरजेसाठी ठेवलेले दार परक्याच्या हाती गेल्यास काय होते, याचे हे ठळक उदाहरण होय.

मान्यतेची पुनर्स्थापना

कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या पुढील आवृत्त्यांत स्वनिर्मित कृतींची जागा हळूहळू बदलत गेली. वर्णिलेल्या घटनांचाच हा थेट परिणाम होता असे येथे सुचवावयाचे नाही, परंतु बदलाची दिशा स्पष्ट आहे. २०१७ मधील १७०६ या आवृत्तीत ‘रन स्क्रिप्ट्स’ ही सोय प्रायोगिक स्वरूपात आली. तीनुसार पॉवरशेल स्क्रिप्ट प्रशासकाच्या संगणकावर न राहता मध्यवर्ती ठिकाणी ठेवली जाते. ती लिहिणारा, तिला मान्यता देणारा आणि ती चालविणारा या तीन भूमिका वेगळ्या धरल्या आहेत. मूळ मांडणीत लेखकाला स्वतःच्याच स्क्रिप्टला मान्यता देता येत नाही. स्क्रिप्ट प्रतिनिधी-घटकामार्फत चालत असल्याने चालविणाऱ्याच्या खात्याला प्रत्येक संगणकावर स्थानिक अधिकार देण्याचेही कारण उरत नाही.

२०२१ मधील २१०३ या आवृत्तीत कन्सोलच्या विस्तारांचे व्यवस्थापनही मध्यवर्ती झाले. विस्तार आधी मंजूर व्हावा आणि मंजूर झालेलेच विस्तार कन्सोलने स्वीकारावेत, असे बंधन घालता येऊ लागले. ज्या फोल्डरमध्ये कोणीही प्रशासक फाईल ठेवून आपला मेनू वाढवीत असे, त्या मोकळेपणाला अशा रीतीने पर्याय उभा राहिला. टिव्होलीने १९९०च्या दशकात केलेला भूमिकांचा विचार येथे वेगळ्या रूपात परतला, असे म्हणावयास हरकत नाही.

या बदलाला दुसरी बाजूही आहे. मोकळ्या पद्धतीमुळेच प्रशासकांना उत्पादकाच्या उणिवा भरून काढता आल्या होत्या. मान्यतेची पायरी आली की तातडीचे काम लांबते. लांबणारे काम टाळण्यासाठी माणसे मान्यता यांत्रिकपणे देऊ लागतात, आणि तसे झाले की दुसऱ्या माणसाची स्वाक्षरी केवळ उपचार ठरते. रचना संधी देते. तिचा उपयोग करण्याची वृत्ती मात्र संस्थेलाच जोपासावी लागते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) स्वनिर्मित कृतींचा उगम प्रशासकांच्या आळसात किंवा हौसेत नसून उत्पादकाला सर्व स्थानिक गरजा आधी कळणे अशक्य असते, या वस्तुस्थितीत आहे. ‘धोरण तत्काळ मागवा’ या आज्ञेचा प्रवास, म्हणजे प्रशासकांच्या स्क्रिप्टपासून उत्पादनाच्या मूळ मेनूपर्यंत, याची साक्ष देतो.

२) संख्येची मर्यादा, भूमिकेची अट आणि नोंद या तिन्ही गोष्टी तंत्रदृष्ट्या प्रारंभीपासून उपलब्ध होत्या. ओपनव्ह्यू व टिव्होली यांच्या रचना त्याची उदाहरणे आहेत. उजव्या कळीच्या साधनांच्या काळात सुलभतेच्या ओघात त्या मागे पडल्या आणि २०१७ नंतर पुन्हा उत्पादनाच्या रचनेत आल्या. हा इतिहास सरळ रेषेतील प्रगतीचा नाही.

३) मेनूतील शब्द हे कृतीचे केवळ नाव असते. त्यामागची स्क्रिप्ट कोठे आहे आणि ती कोण बदलू शकतो, हे माहीत नसेल तर त्या नावावर विश्वास ठेवता येत नाही. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतील सामायिक फोल्डर आणि कॅसेयाची घटना या दोन्हींतून हे दिसते.

४) अनेक संगणकांवर एका आज्ञेने परिणाम करणाऱ्या साधनात लेखक, अनुमोदक आणि चालक यांच्या भूमिका वेगळ्या असणे हा शोभेचा नियम नव्हे. एमरी विद्यापीठासारख्या चुकीत लक्ष्य तपासणारी दुसरी नजर हाच उपलब्ध उपाय असतो.

महाविद्यालयांच्या दृष्टीने यातील चौथा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे. जेथे संगणक-प्रयोगशाळेची तिन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असतात, तेथे स्वतंत्र अनुमोदक नेमणे कदाचित शक्य होणार नाही. परंतु प्रत्येक स्वनिर्मित कृती कोणी व केव्हा लिहिली, ती काय करते आणि ती किती संगणकांवर चालवावी, हे एका वहीत लिहून ठेवणे व पहिल्यांदा ती एकाच संगणकावर चालवून पाहणे यांना कोणताही खर्च येत नाही. मोठ्या संगणकांच्या काळात चालकाच्या टंकयंत्रावर जी नोंद आपोआप उमटत असे, ती आता हेतुपुरस्सर ठेवावी लागते. ती ठेवणारी संस्था आपल्या कर्मचाऱ्याच्या कौशल्याला वाव देते आणि त्याचबरोबर चुकीच्या वेळी त्याला एकटेही पाडत नाही.